ब्रिटनमध्ये मतदान केंद्र कुठे असावं हे कौन्सिल कसं ठरवते, आणि त्यात आपण कधी बोलायचं

पोल कार्डावर, म्हणजे निवडणुकीआधी घरी येणाऱ्या मतदान केंद्राच्या सूचनापत्रावर, नवा पत्ता दिसला तेव्हा आधी वाटलं, छपाईची चूक असेल. पाच मिनिटांवरच्या चर्च हॉलऐवजी मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जायचं होतं. शेजारच्या आजी वॉकर घेऊन चालतात. त्यांना तो सिग्नल एका दमात ओलांडता येत नाही. कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाला, फोन केला तेव्हा कळलं की मतदान केंद्रांच्या जागांचा फेरआढावा केव्हाच होऊन गेला होता. सूचनाही मागवल्या होत्या, पण आमच्या गल्लीतून एकही पत्र गेलं नव्हतं. ही चूक आमचीच होती. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. पासपोर्ट भारतीय आहे म्हणून या गोष्टींशी आपला संबंध नाही, असं इथली बरीच मराठी मंडळी धरून चालतात. तसं नाही. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदणी करता येते आणि संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. नोंदणी ऑनलाइन होते. पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (सामाजिक विम्याचा क्रमांक) अशी साधी माहिती विचारतात. यादीत नाव आलं की फेरआढाव्यात मत मांडायचा हक्कही मिळाला.

आता तीन शब्द. ते एकमेकांत मिसळले की पत्र चुकीच्या मुद्द्यावर जातं. पोलिंग डिस्ट्रिक्ट म्हणजे मतदारसंघाचा नकाशावर आखलेला छोटा तुकडा. बहुतेक ठिकाणी पोल कार्डावरच्या मतदार क्रमांकाआधीची अक्षरं ही त्याचीच खूण असते. पोलिंग प्लेस म्हणजे त्या तुकड्यासाठी ठरवलेली इमारत किंवा परिसर. आणि पोलिंग स्टेशन म्हणजे जिथे प्रत्यक्ष मतपेटी ठेवतात ती खोली. पहिल्या दोन गोष्टी कौन्सिल ठरवते, तिसरी निवडणूक निर्णय अधिकारी. म्हणजे ‘हा हॉल नको, तो हवा’ हा मुद्दा कौन्सिलपुढे मांडायचा.

हे सगळं १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. कौन्सिलांवर ठरावीक काळाने फेरआढाव्याची सक्ती २००६ च्या दुरुस्तीने आली आणि सध्याचं पाच वर्षांचं चक्र २०१३ च्या कायद्याने. दर पाचव्या वर्षी १ ऑक्टोबरपासून १६ महिन्यांची मुदत असते आणि त्या मुदतीतच आढावा सुरू होऊन संपायला हवा. मागची मुदत १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ जानेवारी २०२५ अशी होती. पुढची १ ऑक्टोबर २०२८ ला उघडेल आणि ३१ जानेवारी २०३० ला संपेल. मात्र मधल्या काळातही कौन्सिल आढावा घेऊ शकते. एखादी इमारत बंद पडली, वॉर्डांच्या सीमा बदलल्या किंवा नवी वसाहत उभी राहिली की तो घेतला जातो. असे मधले आढावे फारसा गाजावाजा न होता उरकतात, म्हणून कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या सूचनांवर नजर ठेवलेली बरी. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. तिथे हे काम कौन्सिलांकडे नसून मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे असतं.

कौन्सिलला पाळावे लागणारे नियम मोजके आहेत. इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिश आणि वेल्समध्ये प्रत्येक कम्युनिटी (हे स्थानिक कारभाराचे सर्वांत छोटे विभाग), खास कारण नसेल तर, स्वतंत्र पोलिंग डिस्ट्रिक्ट असते. मतदानाची जागा त्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीतच हवी, पण खास कारण असेल तर बाहेरची चालते. उदाहरणार्थ, हद्दीत व्हीलचेअर आत जाईल अशी एकही इमारत नसेल तर. मतदारांना परिस्थितीनुसार शक्य तितकी वाजवी सोय मिळावी आणि अपंग मतदारांना आत जाता यावं, यासाठी कौन्सिलने प्रयत्न करायचे असतात.

खरी मेख या ‘वाजवी’ शब्दात आहे. आपल्याकडे भारतात मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा दंडक आहे. ब्रिटनच्या कायद्यात अंतराचा आकडाच नाही. म्हणून ‘लांब पडतं’ एवढंच लिहून भागत नाही. लांब म्हणजे किती आणि कोणाला, हे आपणच दाखवायचं असतं. ते कोणी दाखवलं नाही, तर नकाशा आणि भाडं यांवरच निर्णय होतो. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत मतदाराच्या हातात असलेली मोठी गोष्ट हीच.

प्रक्रिया अशी चालते. कौन्सिल आधी आढावा सुरू झाल्याची नोटीस काढते. मग निवडणूक निर्णय अधिकारी सध्याच्या आणि नव्या केंद्रांविषयी आपलं म्हणणं लेखी देतो. ते मिळाल्यापासून ३० दिवसांत कौन्सिलने प्रसिद्ध करायचं असतं. हा कागद जरूर वाचा, कारण तुमचा हॉल जाणार की राहणार ते त्यातच दिसतं. अपंगांच्या सोयींची जाण असलेल्या व्यक्ती आणि संस्थांचं मतही कौन्सिलला मागवावं लागतं. ते त्या भागाचे मतदार नसले तरी चालतं. शेवटी प्रस्ताव कौन्सिलच्या सभेपुढे किंवा समितीपुढे जातो.

सूचना पाठवायला शुल्क नाही, कोणता दाखलाही लागत नाही. नाव आणि यादीतला पत्ता लिहिला की पुरे. पण पत्रात मजकूर भरीव हवा. घरापासून केंद्रापर्यंत चालायला किती मिनिटं लागतात, मध्ये चढ आहे का, फुटपाथ कुठे तुटतो, कोणती बस किती वेळाने येते, दारापाशी किती पायऱ्या आहेत, हे लिहा. मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो जोडा. मतदान सकाळी ७ ते रात्री १० असतं, म्हणून अंधारात तो रस्ता कसा असतो हेही सांगा. आणि पर्यायी जागा सुचवायला विसरू नका. कायद्यात त्याची खास तरतूद आहे, आणि नुसत्या तक्रारीपेक्षा अशा पत्राला वजन येतं. सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेतली खोली निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला भाडं न देता वापरता येते. पण त्या दिवशी शाळेला सुट्टी द्यावी लागली तर पालकांचे हाल होतात. त्यामुळे शाळा सुचवताना दुसरा हॉल खरोखरच नाही ना, हे आधी पाहून घ्या.

आलेली पत्रं नंतर प्रसिद्ध होतात. म्हणून घरातल्या कोणाच्या आजाराबद्दल लिहिताना गरजेपुरतंच लिहा. ‘जिना चढता येत नाही’ एवढं पुरतं.

‘मग टपाली मत घ्या की’ असं कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये ते कारण न देता मिळतं आणि अनेकांना सोयीचंही असतं. पण शेजारच्या आजींना केंद्रावर जाऊन, चार माणसांना भेटून मत द्यायचं असतं. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून त्यांनी ते सोडावं, हे मला पटत नाही.

निर्णय झाल्यावर कौन्सिलला कारणं द्यावी लागतात. समाधान झालं नाही तर इलेक्टोरल कमिशनकडे दाद मागता येते. हे कमिशन भारताच्या निवडणूक आयोगासारखं स्वतः निवडणूक घेत नाही, पण या बाबतीत त्याचा शब्द चालतो. आढाव्यात मत मांडलेली व्यक्ती, पॅरिश किंवा कम्युनिटी कौन्सिल, अपंगांच्या सोयींशी संबंधित व्यक्ती, किंवा त्या मतदारसंघातले किमान ३० मतदार अपील करू शकतात. मराठी मंडळाच्या गणपतीत ३० मतदार सहज जमतील, पण ते एकाच मतदारसंघातले हवेत. अपिलाचे आधार दोनच: मतदारांच्या वाजवी गरजा भागतील असा आढावा झाला नाही, किंवा अपंगांच्या सोयीचा पुरेसा विचार झाला नाही. कमिशनला पटलं तर ते बदलाचा आदेश देतं, आणि कौन्सिलने दोन महिन्यांत तो बदल केला नाही तर स्वतः करू शकतं. अपिलाचा पाया म्हणजे कौन्सिलने प्रसिद्ध केलेली पत्रं, इतिवृत्तं आणि कारणं. निर्णय जाहीर होईल त्याच दिवशी ती सगळी उतरवून घ्या.