प्राचीन इस्राएलात कुत्रा केवळ तिरस्काराचा धनी होता का?

प्राचीन इस्राएली लोक कुत्र्याला निव्वळ अमंगळ मानत आणि कोणी तो पाळत नसे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. बायबलमधल्या ईजबेल या इस्राएलच्या राणीचे प्रेत कुत्र्यांनी खाल्ले आणि फक्त कवटी, पाय व तळहात उरले, हे वर्णन मोकाट कुत्र्यांचे आहे आणि त्यामागची किळसही खरीच. मात्र बायबलमधल्याच ईयोबाच्या ग्रंथात (३०:१) कळप राखणारे कुत्रे अगदी सहज येतात, तर रानात श्वापदाने फाडलेले मांस माणसाने न खाता कुत्र्यांना टाकावे, अशी बायबलच्या निर्गम या ग्रंथात (२२:३१) आज्ञाच आहे. भूमध्य समुद्राकाठच्या अश्कलोन या प्राचीन शहरात सापडलेली, इ.स.पू. ५व्या शतकातली हजाराहून अधिक कुत्र्यांची दफने मात्र या वादात पुरावा म्हणून पुढे करू नयेत, कारण ते शहर तेव्हा इस्राएली नव्हे, फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी लोक) अमलाखाली होते.