हिमालयातून ब्रिटनच्या कुंपणाकडे गेलेले झुडूप: लेस्टेरियाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये थंडी ओसरू लागली की तिथले बागप्रेमी एका झुडपाच्या सगळ्या फांद्या जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाकतात. पाहणाऱ्याला वाटावे, संपले हे झाड. पण उन्हाळ्यात तेच झुडूप माणसाच्या उंचीपर्यंत वाढते आणि त्याला लाल वाइनच्या रंगाच्या सहपत्रांचे, म्हणजे फुलांच्या बुडाशी असणाऱ्या रंगीत पानांचे, लोंबते घोस येतात. प्रत्येक सहपत्राआडून छोटी पांढरी फुले डोकावतात. हे आहे लेस्टेरिया फॉर्मोसा, तिकडच्या बोलीत 'हिमालयन हनीसकल'.

आधी नावाचा घोळ सोडवायला हवा. मराठीत हनीसकलसाठी सर्रास मधुमालती हा शब्द वापरला जातो, पण आपल्या दारावर चढणारी, पांढऱ्यावरून गुलाबी आणि मग लाल होणारी मधुमालती वेगळ्याच कुळातली आहे. खऱ्या हनीसकलचे कूळ कॅप्रिफोलिएसी. त्यातल्या लोनिसेरा या प्रजातीचे नाव 16व्या शतकातले जर्मन वैद्य आणि वनस्पतिज्ञ आडाम लोनिट्झर यांच्यावरून पडले. लेस्टेरिया याच कुळातले, पण ती वेल नव्हे. आतून पोकळ, बांबूसारख्या हिरव्या काड्यांचे झुडूप आहे.

त्याचे मूळ घर हिमालय आणि नैर्ऋत्य चीन. नेपाळ आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या 1816च्या सुगौली तहानंतर काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिशांचा प्रतिनिधी, बसला आणि नेपाळच्या वनस्पती कलकत्त्याला पोहोचण्याची वाट खुली झाली. रेसिडेंट एडवर्ड गार्डनर कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाला रोपे आणि नमुने पाठवत असत. त्या उद्यानाचे प्रमुख नथॅनिएल वॉलिच हे मूळचे डेन्मार्कचे शल्यवैद्य. 1820-21 मध्ये ते स्वतः नेपाळात गेले. लेस्टेरियाला शास्त्रीय नाव त्यांनीच दिले आणि ते 1824 साली 'फ्लोरा इंडिका'च्या दुसऱ्या खंडात छापले गेले. 'फॉर्मोसा' म्हणजे सुंदर. पहिला शब्द विल्यम लेस्टर यांच्यावरून आला. ते बंगालमधले न्यायाधीश, बागकामाची मनापासून आवड असलेले. ज्या डोंगरातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर हे झुडूप पिढ्यान् पिढ्या फुलत होते, त्यांच्यापैकी कोणाचीही खूण त्या नावात उरली नाही, हे मला खटकते.

'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ वनस्पतिज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांचा. त्यांच्या निधनानंतर तो बंगालमधल्या श्रीरामपूरच्या (सेरामपूर) मिशन प्रेसमधून प्रसिद्ध केला ख्रिस्ती मिशनरी विल्यम कॅरी यांनी, वॉलिच यांच्या नव्या भरीसह. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. हेच ते कॅरी, ज्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 मध्ये मोडी लिपीतला मराठी-इंग्रजी कोश काढला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीचे पंडित असलेले वैजनाथ शर्मा या कामात त्यांच्या पाठीशी होते. श्रीरामपुरात कॅरींची स्वतःची मोठी बागही होती. एकाच माणसाच्या छापखान्यात आपल्या भाषेचा कोश आणि हिमालयातल्या या झुडपाची ओळख, दोन्ही अक्षरबद्ध झाले.

1824 मध्येच लेस्टेरिया ब्रिटनमध्ये पोहोचले. व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या बागांत त्याला मान मिळाला. शिकारीच्या जमिनींवरही ते मुद्दाम लावत, कारण त्याची जांभळी-काळपट फळे फेझंट या कोंबडीसारख्या, शिकारीसाठी पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांना आवडतात आणि झुडपात त्यांना दडायला जागा मिळते. त्यावरूनच 'फेझंट बेरी' हे दुसरे नाव रुळले.

त्याची निगा कशी राखायची, हे त्याच्या मूळ घराकडे पाहिले की कळते. हिमालयात ते जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठच्या ओलसर उतारावर वाढते. म्हणून त्याला पाणी धरणारी, पण न तुंबणारी माती लागते. अर्धी सावली त्याला चालते. ऊन मिळाले तर सहपत्रांचा रंग जास्त खुलतो. कडक थंडीत वरच्या काड्या करपल्या तरी मुळे जिवंत राहतात, त्यामुळे हिवाळ्यापूर्वी बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून ती निर्दय वाटणारी वसंतातली छाटणी खरे तर त्याच्या फायद्याची. शरद ऋतूत छाटण्याची घाई मात्र करू नये. पानगळीनंतरही काड्या हिरव्यागार राहतात, आणि उघड्या बागेत तेवढाच हिरवा रंग उरतो.

हाच चिवटपणा दुसरीकडे महागात पडला. पक्षी फळे खातात आणि बिया दूरवर पडतात. न्यूझीलंडच्या ओलसर जंगलांत आणि ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात लेस्टेरियाने स्थानिक रोपांची जागा बळकावली. न्यूझीलंडमध्ये ते विकायला आणि वाढवायला बंदी आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कोणाच्या परसात ते आपोआप उगवले असेल, तर छाटून भागणार नाही. बुंधा मुळासकट उपटावा लागतो, आणि तोही फळे पिकण्याच्या आधी.