स्पेलची प्रत आणि काटशह

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये टाकलेला स्पेल (खेळलेले जादूचे कार्ड) लागू होण्याआधीच तो हाणून पाडणे किंवा त्याची प्रत उभी करणे, यांविषयीचे नियम. त्यांची सर्वांत काटेकोर मांडणी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात आढळते. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९३ साली बाजारात आणला. दोन निळ्या मानांत (माना म्हणजे स्पेल टाकण्यासाठी खर्चायची जादूची ऊर्जा) कुठलाही स्पेल रद्द करणारे ‘काउंटरस्पेल’ आणि दुसऱ्या स्पेलची नक्कल करणारे ‘फोर्क’ ही दोन्ही कार्डे पहिल्याच संचात होती. ती एकमेकांना भिडली की काय होते, हे मात्र त्या काळच्या नियमांवरून उलगडणे अवघडच होते. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीने ‘स्टॅक’ आणला आणि हा गुंता सुटला.

स्टॅक म्हणजे भाकऱ्यांची चवड. शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलली जाते, तसा शेवटी टाकलेला स्पेल आधी लागू होतो. एक स्पेल लागू झाला की दोन्ही खेळाडूंना चवडीवर आणखी काही ठेवण्याची संधी मिळते. रद्द झालेला स्पेल काहीही न करता ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या कार्डांच्या ढिगात, जातो. खर्चलेला माना परत मिळत नाही.

प्रतीचा नियम एका वाक्यात मावतो: प्रत ‘टाकलेली’ नसते, ती थेट स्टॅकवर अवतरते. त्यामुळे तिला माना लागत नाही आणि ‘स्पेल टाकल्यावर’ घडणाऱ्या गोष्टी तिच्यामुळे घडत नाहीत. मूळ स्पेलच्या वेळी केलेली निवड, एक्सची (खेळाडूने ठरवायच्या आकड्याची) किंमत, लक्ष्य, सारे तिच्यात जसेच्या तसे उतरते. प्रत करणारे कार्ड बहुधा नवे लक्ष्य निवडू देते, आणि खरी गंमत तिथेच आहे. समजा, अ ने ब वर ३ गुण घटवणारा ‘लाइटनिंग बोल्ट’ टाकला आणि ब ने त्यावर काउंटरस्पेल. अ आता ‘ट्विनकास्ट’ टाकून त्या काउंटरस्पेलचीच प्रत करतो आणि प्रतीचे लक्ष्य मूळ काउंटरस्पेलवर वळवतो. प्रत आधी लागू होते, मूळ काउंटरस्पेल बाद होतो आणि ब च्या २० जीवनगुणांपैकी ३ गुण जातात. बुद्धिबळातल्या काटशहाची आठवण व्हावी असा हा डाव. फक्त इथे मोहरे प्रतिस्पर्ध्याचेच.

प्रत हा स्वतंत्र स्पेल असतो. मूळ बाद झाला तरी ती टिकते. २००३ च्या ‘स्कर्ज’ संचातील ‘स्टॉर्म’ क्षमता यावरच उभी आहे. त्या फेरीत आधी जितके स्पेल टाकले गेले, तितक्या प्रती ती देते. ‘टेंड्रिल्स ऑफ ॲगनी’ २ गुण हिरावतो. आधी नऊ स्पेल झाले असतील तर मूळ धरून दहा, म्हणजे २० गुण आणि खेळ खलास. एका काउंटरस्पेलने फार तर २ गुण वाचतात. त्याच संचातील ‘स्टिफल’ मात्र स्टॉर्मची क्षमताच रद्द करते, म्हणजे प्रती जन्मालाच येत नाहीत. २०११ चे ‘फ्लस्टरस्टॉर्म’ याहून खट्याळ: ते स्वतःच स्टॉर्मवाले असल्याने समोरच्या प्रत्येक प्रतीवर आपली एक प्रत धाडू शकते आणि प्रत्येकीसाठी प्रतिस्पर्ध्याकडे एक माना मागते; तो न दिल्यास ती प्रत रद्द. ते घाईने टाकून चालत नाही. समोरच्या प्रती स्टॅकवर उतरेपर्यंत थांबावे लागते.

‘काउंटर करता येत नाही’ (म्हणजे रद्द करता येत नाही) असे लिहिलेल्या स्पेलवरही काउंटरस्पेल टाकता येतो, पण तो वाया जातो. प्रतीतही हे वाक्य उतरत असल्याने तिलाही तेच कवच मिळते. सगळी लक्ष्ये नाहीशी झाली तर स्पेल लागू होत नाही. २०१८ पूर्वी यालाही ‘रद्द होणे’ म्हणत. प्राण्यासारख्या टिकणाऱ्या कार्डाच्या स्पेलची प्रत लागू झाल्यावर टोकन (कार्डाच्या जागी मांडलेली खूण) बनून पटावर राहते, असा नियम २०२० मध्ये आला. इतर प्रती काम होताच नाहीशा होतात.

‘यु-गि-ओ!’ या जपानी खेळातील ‘चेन’ (स्टॅकसारखी कार्डांची साखळी) सुद्धा उलट क्रमानेच सुटते, पण एकदा सुटू लागली की मध्ये कोणालाही नवे कार्ड घुसवता येत नाही. फ्लस्टरस्टॉर्मसारखी वाट पाहण्याची सोय तिथे नाही. शिवाय ‘काउंटर ट्रॅप’ला (समोरच्याची चाल हाणून पाडणाऱ्या कार्डाला) उत्तर फक्त दुसऱ्या काउंटर ट्रॅपनेच देता येते.