अमेरिकी विद्यापीठ आणि लष्करभरती: यादीतून नाव काढायचं तर अर्ज कुठे करायचा?

सत्र सुरू होऊन काही आठवडे झाले की अनोळखी नंबरवरून फोन येतो. समोरचा माणूस नाव घेऊन बोलतो, कुठला विषय घेतलाय तेही त्याला ठाऊक असतं, आणि सैन्यात यायचा विचार आहे का, असं विचारतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाला घाम फुटतो आणि पुण्या-नागपुरात बसलेल्या आईवडिलांना त्याहून जास्त. घाबरण्यासारखं यात काही नाही. हा नंबर विद्यापीठानेच दिलेला असू शकतो, आणि तसा तो कायद्याने द्यावाच लागतो.

न्यू यॉर्कचे खासदार जेराल्ड सॉलोमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही कायदादुरुस्ती १९९० च्या दशकातली. भरती अधिकाऱ्यांना आवारात येऊ दिलं नाही किंवा विद्यार्थ्यांची माहिती दिली नाही, तर केंद्र सरकारचा निधी बंद. संरक्षण, शिक्षण, आरोग्य, वाहतूक या खात्यांचा पैसा त्यात येतो. विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत तेवढी वगळली आहे.

मग विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणाचं काय? मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून 'आम्ही भेदभाव करत नाही' असं लिहून घेतात ना? घेतात. त्याच जोरावर अनेक लॉ स्कूलनी लष्कराला दाराबाहेर ठेवायचा प्रयत्न केला होता, कारण तेव्हा उघडपणे समलिंगी असलेल्यांना सैन्यात जागा नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ मार्च २००६ रोजी ८ विरुद्ध ० मतांनी निकाल लागला तो सरकारच्या बाजूने. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालाचा मथितार्थ असा: भरती अधिकाऱ्याला खोली दिली म्हणजे त्याचं मत तुम्ही मान्य केलं असं होत नाही. निषेध करायचा तर खुशाल करा, पण इतर कंपन्यांना जी सोय देता ती लष्करालाही द्या. म्हणून काही लॉ स्कूलमध्ये लष्कराच्या मुलाखती चालू असतात आणि शाळेचा निषेधाचा कागद बाहेर लावलेला असतो. मला हा तोडगा अर्धामुर्धा वाटतो, पण कायदेशीर चौकट तीच आहे. व्हर्मॉन्ट आणि विल्यम मिचेल या दोन लॉ स्कूलनी मात्र निधीवर पाणी सोडलं, पण धोरण सोडलं नाही.

समलिंगींवरची ती बंदी २० सप्टेंबर २०११ ला उठली. त्यानंतर हा वाद थंडावला होता. २०२५ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना सैन्यातून वगळणारा आदेश आला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला मुभा दिली आणि प्रश्न पुन्हा वर आला. धोरण दाखवून अधिकाऱ्याला परत पाठवणं मात्र निधी घेणाऱ्या विद्यापीठाला आजही परवडत नाही.

आता यादीकडे वळू. भरती कार्यालय प्रत्येक सत्रात एकदा माहिती मागू शकतं. १७ वर्षं पूर्ण झालेल्या आणि किमान एका क्रेडिटसाठी नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांचं नाव, पत्ता, फोन, वय किंवा जन्मसाल, जन्मस्थान, वर्ग, मुख्य विषय, मिळालेल्या पदव्या आणि याआधीची शिक्षणसंस्था, एवढं त्यात येतं. नागरिकत्वाचा रकाना नाही. साताऱ्यात जन्मलेल्या, एफ-१ वर आलेल्या मुलीलाही फोन येतो तो यामुळेच.

नाव काढायचं असेल तर अर्ज रजिस्ट्रारकडे. फर्पा या खासगीपणाच्या कायद्याखाली 'डिरेक्टरी माहिती (म्हणजे नाव, पत्ता, फोन अशी जुजबी माहिती) कुणालाही देऊ नये' असा फॉर्म असतो. बऱ्याच ठिकाणी तो विद्यार्थी पोर्टलवरच भरता येतो, कुठे सही करून नेऊन द्यावा लागतो. सोबत विद्यार्थी ओळखपत्र लागतं. मुदत प्रत्येक विद्यापीठ आपापली जाहीर करतं, ती पाहूनच ठेवा, कारण यादी एकदा गेली की परत येत नाही. फॉर्म विद्यार्थ्यानेच भरायचा. कॉलेजात पाऊल टाकलं की हा हक्क पालकांकडून मुलाकडे जातो, त्यामुळे बाबांनी इथून रजिस्ट्रारला कितीही ईमेल पाठवले तरी उपयोग नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलचं गणित उलटं: तिथे पालक लेखी कळवून फक्त लष्करापुरतं नाव वगळून घेऊ शकतात. कॉलेजात सवलत मिळते ती सगळ्यांपासूनच माहिती रोखणाऱ्याला.

आणि इथेच गोम आहे. 'सगळ्यांपासून' म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीपासूनही. पदवीची खातरजमा करायला त्यांनी फोन केला तर 'अशी कोणतीही माहिती नाही' असं उत्तर जाऊ शकतं.

भरतीची पात्रता थोडक्यात. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला भरती होता येत नाही; १८ ते २५ वयाच्या पुरुषांसाठी असलेली सिलेक्टिव्ह सर्व्हिस नोंदणीही (सक्तीची लष्करभरती कधी करावी लागली तर म्हणून ठेवलेली यादी) तो व्हिसा चालू असेतो त्याला लागू नाही. ग्रीन कार्डवाल्या मुलाला ती लागू आहे, आणि त्याला शिपाई म्हणून भरतीही होता येतं. ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, जन्मदाखला आणि शाळेचं प्रमाणपत्र जवळ हवं. अधिकारीपदासाठी, म्हणजे लॉ स्कूलमध्ये ज्यासाठी मुलाखती होतात त्या लष्करी वकिलीसाठीही, नागरिकत्व लागतं.

फोन आलाच तर 'मी एफ-१ वर आहे' एवढं सांगितलं तरी पुरतं. पासपोर्ट किंवा व्हिसाचा नंबर फोनवर देऊ नये. फॉर्म भरलेला असेल तर तो पदवीनंतरही लागूच राहतो. पदवीदानाच्या पुस्तिकेत नाव हवं असेल, तर ती छापायला जाण्याआधी रजिस्ट्रारच्याच खिडकीवर लेखी देऊन बंदी उठवून घ्या.