उतारावर मांड्या का भरून येतात?

मॉडर्न पेंटॅथलॉन या क्रीडाप्रकारातून घोडेस्वारी वगळण्यात आली असून 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत असेल. अशा शर्यतीच्या सरावासाठी कोकणातल्या तरुणांनी मैदान शोधत फिरण्याची गरज नाही. चिऱ्यांचा गडगा, पाखाडीच्या पायऱ्या, कोरडा व्हाळ आणि आंब्याच्या फांदीला बांधलेला सुंभाचा दोर एवढ्यावर घरामागच्या उतारात चांगला मार्ग तयार होतो. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. मांड्या अशा भरून येतात, की न्हाणीघराची एक पायरी उतरतानाही भिंतीचा आधार घ्यावा लागतो, आणि मग ‘लॅक्टिक ॲसिड साचले’ असे निदान कोणीतरी करतोच.

हे निदान चुकीचे आहे. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट, म्हणजे याच ॲसिडचे शरीरातले रूप, साधारण तासाभरात पूर्वपातळीवर येते. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना सपाटीवर आणि 10 टक्के उतारावर 45 मिनिटे धावायला लावले, तेव्हा लॅक्टेट वाढले ते सपाटीवर आणि पाय दुखले ते उतारामुळे. दुखऱ्या मांड्यांवरून मीठमोहऱ्या ओवाळणारी आजी किमान पैसे तरी घेत नाही. ‘लॅक्टिक ॲसिड धुऊन काढणारी’ पेये विकणारे मात्र घेतात.

खरे कारण स्नायूच्या आत आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत गुडघा सरळ करतो. उतरताना तोच स्नायू जोर लावत असतो, परंतु शरीराचा भार त्याला लांबवत नेतो. आंब्यांनी भरलेली टोपली दोराने खाली सोडणाऱ्याच्या दंडातही हेच घडते. स्नायूतंतूमध्ये मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा धागा पकडून ओढतात आणि पकड सोडवण्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीतल्या इंधनाचा, रेणू खर्च करतात. स्नायू ताणला जात असताना मात्र यांपैकी बरीच डोकी एटीपीची वाट न पाहता ओढीनेच उपटली जातात, त्यामुळे थोड्या इंधनात मोठे बल मिळते. 1952 साली ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघा संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या: एकाने पायडल पुढे मारायचे, दुसऱ्याने ते रोखायचे. दोघांचे बल सारखेच, पण रोखणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी भरला. धावण्याचा ऊर्जाखर्चही सुमारे 20 टक्के उतारावर, म्हणजे दर 10 मीटर आडव्या अंतरामागे 2 मीटर उतरताना, सर्वांत कमी असतो. सपाटीच्या जवळपास निम्मा.

या काटकसरीतच गोम आहे. काम कमी तंतूंवर भागते, म्हणून प्रत्येक तंतूवरचा ताण वाढतो. तंतूतील सार्कोमिअर नावाचे घटक, प्रत्येकी सुमारे अडीच मायक्रोमीटर लांबीचे, सारखे बळकट नसतात. त्यांतले दुबळे इतके ताणले जातात, की ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांवरून जवळजवळ निसटतात आणि त्यातले काही पुन्हा नीट जुळत नाहीत. आवरणातून कॅल्शियम झिरपते, प्रथिने मोडू लागतात, दाह सुरू होतो. या साखळीला वेळ लागत असल्यामुळे दुखणे 1 ते 3 दिवसांनी कळसाला पोहोचते. सराव करताना दम लागत नाही, म्हणून धावणारा आणखी फेऱ्या मारत राहतो.

एकदा थोडासा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला फारशी दाद देत नाही. 1994 साली उंदरांवरील प्रयोगात उतारावर धावलेल्यांच्या मांडीच्या एका स्नायूत चढावर धावलेल्यांपेक्षा अधिक सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेले आढळले. हे एक कारण असावे, सर्व कारणे नव्हेत.

म्हणून परसातल्या मार्गावर फेऱ्या मोजायच्या त्या उताराच्या. पहिल्या आठवड्यात चढ हवा तेवढा करावा, उतरताना मात्र बहुतेक वेळा चालावे; गडग्यावरून उडी मारण्याऐवजी हातांनी लोंबकळून पाय टेकावेत, दोरावरून सावकाश उतरण्याच्या खेपाही मोजक्याच ठेवाव्यात, कारण तेथे हाच ताण दंडांवर येतो. दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली, तर तेल चोळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. फुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते.