येझीचा तलवारबाजी क्लब

क्लब स्केर्मा येझी हा इटलीतल्या मार्के विभागातल्या येझी गावचा तलवारबाजीचा क्लब, स्थापना १९४७. स्केर्मा म्हणजे तलवारबाजी. गावाचं Jesi हे स्पेलिंग बघून आपल्याकडे बरेच जण जेसी म्हणतात पण तिथली माणसं येझीच म्हणतात. वस्ती ४० हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव धरा. सम्राट फ्रेडरिक दुसरा ११९४ मध्ये इथेच जन्मला, आजूबाजूच्या टेकड्यांवरची व्हेर्दिक्किओ नावाची पांढरी वाइन पण फेमस आहे, पण खेळातल्या माणसापुढे येझीचं नाव काढलं की त्याला आठवतं ते फॉईल, म्हणजे तलवारबाजीतली एक हलकी तलवार.

क्लब काढला एझिओ त्रिकोली यांनी, आणि हे काही घराण्यातून तलवार चालत आलेले गृहस्थ नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हाती लागले आणि थेट दक्षिण आफ्रिकेत झोन्डरवॉटरच्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले, तिथे हजारो इटालियन कैदी होते, दिवस ढकलायला जे काय काय चालायचं त्यात तलवारबाजीही होती, ती त्रिकोली तिथे शिकले. युद्ध संपल्यावर गावी आले आणि पोरांना शिकवायला लागले. इटलीत तलवारबाजीच्या शिक्षकाला माएस्त्रो म्हणतात, आपल्या तालमीतला वस्ताद तसाच. १९९६ मध्ये ते गेले.

येझीचा जीव फॉईलमध्ये. तलवारबाजीत हत्यारं तीन, फॉईल, इपी आणि सेबर. फॉईल वजनाने ५०० ग्रॅमच्या आत, वार फक्त टोकाने आणि फक्त धडावर, हातापायाला लागलं तर पॉइंट नाही. टोकाला बारीक स्प्रिंगचं बटण असतं, ते दाबलं गेलं की तलवारीतून, मग जॅकेटच्या आतून पाठीमागे जाणाऱ्या वायरमधून सिग्नल जातो आणि दिवा लागतो. मॅचच्या आधी रेफरी तलवार उभी धरून त्या टोकावर ५०० ग्रॅमचं वजन ठेवून दाबतो, सोडल्यावर स्प्रिंगने वजन वर उचललंच पाहिजे, नाही उचललं तर तलवार बाद आणि वर कार्ड. दोघांचे दिवे एकदम लागले तर अटॅक कोणाचा होता ते रेफरी ठरवतो आणि पॉइंट त्याला देतो, आणि खरी भांडणं इथेच होतात.

आता मेडल्स. स्तेफानो चेरिओनी या क्लबचा, ऑलिम्पिकमध्ये १९८४ ला टीमचं आणि १९८८ ला सोलमध्ये वैयक्तिक गोल्ड, पुढे इटलीच्या फॉईल टीमचा कोच झाला. मग मुलींची रांग लागली. १९९२ ते २०१२ या सहा ऑलिम्पिकमध्ये महिला फॉईलचं वैयक्तिक गोल्ड पाच वेळा येझीच्या मुलीने नेलंय: १९९२ ला जोव्हाना त्रिलिनी, २०००, २००४ आणि २००८ ला व्हॅलेंटिना व्हेझाली, २०१२ ला एलिसा दी फ्रान्चिस्का. मधलं १९९६ चं तेवढं रोमानियाच्या लॉरा बादेआला गेलं, तिथेही सिल्व्हर व्हेझालीला आणि ब्राँझ त्रिलिनीला. २००४ ला अथेन्समध्ये तर फायनललाच व्हेझाली विरुद्ध त्रिलिनी, १५-११ ने व्हेझाली जिंकली, म्हणजे ऑलिम्पिकची फायनल आणि दोन्ही बाजूला एकाच गावच्या, एकाच क्लबच्या मुली. एवढ्याशा गावाने असं दुसऱ्या कुठल्या खेळात केलेलं मला तरी आठवत नाही. टीमची मेडल्स धरून व्हेझालीची ऑलिम्पिकची सहा गोल्ड, २०१२ ला लंडनमध्ये इटलीचा झेंडाही तिच्याच हातात होता, आणि २०२१ मध्ये ती इटलीच्या सरकारात खेळ खात्याची राज्यमंत्री झाली.

हे जमलं कसं तर कोल्हापूरला तालमीचं जसं आहे तसंच काहीसं इथे आहे. व्हेझाली सहा वर्षांची असताना त्रिकोलींकडे आली होती. छोटी पोरं त्याच हॉलमध्ये आणि चॅम्पियनही त्याच हॉलमध्ये, त्यामुळे ऑलिम्पिकवाली ताई रोज समोर घाम गाळताना दिसते, तिचं पोस्टर लावावं लागत नाही. दुसरी गोष्ट पोटापाण्याची. तलवारबाजीत पैसा नाही, इटलीतही नाही, म्हणून तिथले टॉपचे खेळाडू पोलीस, लष्कर अशा सरकारी खात्यांच्या टीममध्ये नोकरीला असतात, व्हेझाली आणि दी फ्रान्चिस्का पोलिसांच्या फियाम्मे ओरो या टीममध्ये होत्या, त्रिलिनी वनखात्यात होती. आपल्याकडे कबड्डीवाले पोलिसात नाहीतर रेल्वेत लागतात, त्यातलाच प्रकार.

त्रिकोलींचं नाव गावाने स्पोर्ट्स हॉलला दिलंय, पालात्रिकोली. गंमत म्हणजे तिथे गाजल्या त्या बास्केटबॉलच्या मॅचेस.