षट्कोणी तारा : आधी नक्षी, मग ओळख

एक समभुज त्रिकोण टोक वर करून आणि दुसरा टोक खाली करून एकमेकांत गुंफले की षट्कोणी तारा तयार होतो. आज तो पाहताच बहुतेकांना ज्यू धर्म आणि इस्रायल आठवतात. मात्र आकृतीच्या वयाच्या मानाने ही ओळख बरीच अलीकडची आहे. गालील समुद्राकाठच्या कफर्णहूम येथील प्राचीन सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) दगडी कोरीव कामात हा तारा दिसतो खरा, पण इतर नक्षीसारखाच, शोभेपुरता. ज्यूंचे त्या काळातील खरे धार्मिक चिन्ह म्हणजे मेनोरा, सात दिव्यांचा दीपवृक्ष.

भारतीय तंत्रपरंपरेत ऊर्ध्वमुख त्रिकोण शिवाचा आणि अधोमुख त्रिकोण शक्तीचा मानला जातो, व बारा पाकळ्यांच्या अनाहत चक्रात, म्हणजे हृदयस्थानी मानलेल्या चक्रात, त्यांचा संयोग दाखवतात. युरोपातील किमयागारांनी याच दोन त्रिकोणांत अग्नी आणि जल पाहिले. मुस्लिम जगात ही सुलेमानची मुद्रा ठरली; दिल्लीतील हुमायूनच्या कबरीच्या कमानींवर लाल वालुकाश्मात पांढऱ्या संगमरवराचे असे तारे बसवलेले आहेत. हे साम्य मोहक असले, तरी एकाने दुसऱ्याकडून चिन्ह उचलले असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. कंपासमधील अंतर न बदलता वर्तुळाच्या परिघावर खुणा करत गेले की बरोबर सहा बिंदू मिळतात, आणि एक सोडून एक बिंदू जोडले की तारा समोर उभा राहतो. तो कुठल्याही कारागिराला सापडण्याजोगा आहे.

ज्यू समाजाचे चिन्ह म्हणून त्याचा प्रवास प्रामुख्याने प्रागमधून झाला; तेथील ज्यूंना सम्राट चौथा चार्ल्स याने 1354 मध्ये हा तारा असलेला स्वतःचा ध्वज बाळगण्याची मुभा दिली, असे परंपरा सांगते. 1897 मध्ये बासेल येथे भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट काँग्रेसने, म्हणजे ज्यूंसाठी स्वतःची मायभूमी मागणाऱ्या चळवळीच्या परिषदेने, त्याला राजकीय अर्थ दिला. नाझींनी सप्टेंबर 1941 पासून जर्मनीतील सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूला डाव्या छातीवर काळ्या रेघांचा पिवळा तारा शिवून घेण्याची सक्ती केली, तो शिक्का ओळखीचा नव्हे, बहिष्काराचा होता. 28 ऑक्टोबर 1948 रोजी इस्रायलने तोच तारा निळ्या रंगात राष्ट्रध्वजावर घेतला.

वाद तरीही संपला नाही. इस्रायलच्या मदतसंस्थेचा लाल तारा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस चळवळीत मान्य नव्हता. 2005 मध्ये ‘लाल स्फटिक’ हे तिसरे, धर्मनिरपेक्ष चिन्ह स्वीकारले गेल्यानंतरच, 2006 मध्ये, त्या संस्थेला सदस्यत्व मिळाले.